देव्हाऱ्यातला शेकर

मित्रांनो, मी एक जुना शेकर आहे. शेकर म्हणजे काय ते आधी सांगतो. खाली स्टीलचा उंच पेला, त्यावर चाळणी असलेले डोके आणि सगळ्यात वर छोटे टोपण, असा मी तीन तुकड्यांचा आहे. माझ्या पोटात बर्फ, रस आणि साखरेचा पाक घालायचा, मला घट्ट बंद करायचे आणि दोन्ही हातांनी जोरजोरात हलवायचे. मोठी माणसे ज्याला कॉकटेल म्हणतात ते असे तयार होते. त्यात दारू असते. तुम्ही त्या वाटेला जाऊ नका, हे मी आताच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी उपदेशाचा तेवढा त्रास वाचेल.

एका कारखान्यात पत्र्याची गोल चकती दाबून दाबून मला उंच केले, चाकावर घासून चकचकीत केले आणि पुण्याच्या एका दुकानात काचेमागे उभे केले. तिथून मला प्रेमराजने विकत घेतले. तो मूळचा धुळ्याचा, देवपूर भागातला. पुण्यात एका हॉटेलच्या बारमध्ये पेये बनवण्याचे काम तो नुकताच शिकत होता. हॉटेलातल्या शेकरना हात लावायच्या आधी हात बसावा, म्हणून त्याने घरच्या सरावासाठी मला आणले होते.

काय दिवस होते ते! सोमवारी त्याला सुट्टी असे. स्वयंपाकघराच्या ओट्यावर लिंबे, पुदिना, साखरेचा पाक आणि बर्फ मांडून तो मला हातात घेई. पुदिना कुटायचा नाही, नुसता दाबायचा, नाहीतर कडू होतो. बर्फाचे खडे मोठे हवेत, बारीक असले तर लगेच पाणी होते. माझ्या अंगावर पांढरा बाष्पाचा थर चढला, की हलवणे थांबवायचे. मोहितो, डायकिरी, अंड्याचा पांढरा भाग घालून केलेली व्हिस्की सावर, सगळे मी पोटात घेऊन पाहिले. त्याची बायको ज्योती पाचोऱ्याची. तिच्यासाठी तो दारू न घालता लिंबू-पुदिन्याचे पेय करी. ती एक घोट घेऊन म्हणे, "साखर जरा हात राखून घाला." आणि पेला रिकामा करी. पुढे हॉटेलातही तो मलाच वापरू लागला. लोक माझ्याकडे बघत बसत. मला गर्व झाला होता, हे मी कबूल करतो.

पण मित्रांनो, प्रेमराजने घरी एक गोष्ट लपवली होती. देवपूरला राहणारी त्याची आई धुरपदाबाई दारूच्या नावानेही चिडे. एकदा तिच्या खोकल्याच्या औषधावर अल्कोहोल लिहिलेले ज्योतीने वाचून दाखवले, तर ती बाटली तिने तशीच दुकानदाराला परत नेऊन दिली होती. अशा आईला 'मी बारमध्ये असतो' हे सांगायचे कसे? त्याने सांगितले, "मी हॉटेलमा मॅनेजर शे." आणि ते खोटे मुकाट्याने चालत राहिले.

चार वर्षांपूर्वी प्रेमराज आणि ज्योती पुणे सोडून देवपूरला राहायला आले. धुळ्यात त्याने कूलरच्या दुकानात काम धरले. मी एका जुन्या पंच्यात गुंडाळून ट्रंकेत होतो. त्याच आठवड्यात धुरपदाबाई काशीयात्रा करून परतली. तिने प्लास्टिकच्या कॅनमधून गंगेचे पाणी आणले होते. गंगाजल तांब्याच्या गडूत भरायचे, झाकण लाखेने बंद करायचे आणि देव्हाऱ्यात ठेवायचे, ही त्यांच्या घरची रीत. तो गडू मग एकदाच उघडतात. घरातले म्हातारे माणूस शेवटच्या घटका मोजू लागले, की त्याच्या तोंडात ते पाणी घालतात.

धुरपदाबाईच्या सासूच्या वेळचा गडू काढला, तर त्याच्या बुडाला भोक. धुरपदाबाई दुसरे भांडे शोधू लागली. प्रेमराज कामावर होता, ज्योती बाजारात. ट्रंक उघडली आणि तिला मी दिसलो. तिने मला उन्हात धरले, वास घेतला, टोपण लावून पाहिले.

"देवनीच धाडं हाई भांडं," ती स्वतःशीच म्हणाली. "झाकन देख कसं घट्ट शे. मुंगी बी जाणार नही."

मला ओरडता आले असते तर! पण भांड्याला तोंड असते, आवाज नसतो. तिने मला राखेने घासले, गळ्यापर्यंत गंगाजल भरले आणि विळ्याच्या मुठीत भरतात ती लाख वितळवून माझे दोन्ही सांधे बंद केले. हळद-कुंकू लावून मला देव्हाऱ्यात अन्नपूर्णेच्या शेजारी बसवले. संध्याकाळी प्रेमराज हात जोडायला आला आणि मला पाहून त्याचे हात तसेच राहिले.

त्या रात्री ज्योती हळूच म्हणाली, "अहो, आजच सांगून टाका. उद्या जास्त जड जाईल."

"आईला काय सांगू? तुझं गंगाजल दारूच्या भांड्यात आहे म्हणून? ती जेवायची नाही आठ दिवस."

तो दिवस गेला आणि माझी कैद सुरू झाली. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, रोज फूल मिळते, उदबत्ती मिळते, शेजारच्या अकबरी खाला येतात तेव्हा धुरपदाबाई मला लांबून दाखवून कौतुक करते, मग कसली कैद? पण ज्याचा जन्म हलण्यासाठी झाला, त्याला चार वर्षे एका जागी बसवा आणि मग विचारा. पोटातले पाणी शिळे झाले होते. लाखेने मान आवळली होती. बर्फाचा खुळखुळाट आठवून मी कासावीस होई. शिवाय मान मिळत होता तो माझा नव्हताच. प्रेमराज तर माझ्याकडे बघतच नसे. नमस्कार करताना तो डोळे मिटून घेई आणि ते भक्तीने नव्हे, हे फक्त मला आणि ज्योतीला ठाऊक होते.

त्याहून वाईट गोष्ट मला उशिरा उमगली. मी सुटणार कधी, तर धुरपदाबाई जाईल तेव्हा. रोज सकाळी माझ्यावरची धूळ पदराने पुसणारी ती बाई मरायला टेकल्याशिवाय माझे झाकण उघडणार नव्हते. सुटकेची इच्छा मनात आली, की मला स्वतःचीच लाज वाटू लागली.

या वर्षीच्या मे महिन्यात ती वेळ आली. धुरपदाबाई भर दुपारी गच्चीवर बिबडे वाळत घालत होती. ज्वारीचे ते पापड तिच्यासारखे पातळ कोणालाच थापता येत नसत, म्हणून ती कोणाला करूही देत नसे. ऊन डोक्यात गेले आणि ती तिथेच कोसळली. दोन दिवस दवाखान्यात सलाईन लावून तिला घरी आणले. डॉक्टरांनी बजावले होते, "थोड्या थोड्या वेळाने लिंबू, साखर, मिठाचं पाणी पाजत राहा. पोटात पाणी गेलं नाही, तर पुन्हा इथेच आणावं लागेल आणि तेव्हा माझ्या हातात फारसं काही राहणार नाही."

पण आपली वेळ भरली, असे तिने मनात ठरवूनच टाकले होते. ज्योतीने पेला पुढे केला, की ती तोंड भिंतीकडे फिरवी. खालांनी समजावले, तरी ओठ मिटलेलेच. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने प्रेमराजला जवळ बोलावले. जीभ कोरडी पडली होती.

"आते माले काही नको. गंगानं पानी दे फक्त."

प्रेमराजने मला देव्हाऱ्यातून उचलले. गरम सुरीने लाख खरवडली. चार वर्षे ज्या क्षणाची वाट पाहिली, तो क्षण आला आणि मला वाटले, निघू नये हे झाकण. खरोखरच ते निघत नव्हते. ज्योती म्हणाली, "पक्कड आणू का?" पण प्रेमराजच्या हाताला सवय होती. त्याने मला किंचित तिरके धरले, तळहाताने सांध्यावर बाजूने एकच थाप मारली आणि मी उघडलो.

धुरपदाबाई बघत होती. "इतलं सोपं कसं उघाडं तू?"

प्रेमराजच्या एका हातात मी आणि दुसऱ्या हातात चमचा. मला त्याच्या बोटांतून कळत होते. हे पाणी तिच्या तोंडात घातले, की ती सगळे संपले म्हणून डोळे मिटून घेईल आणि मग थेंबही पिणार नाही. त्याने चमचा खाली ठेवला.

"माय, हाई देवनं भांडं नही शे. मी हॉटेलमा मॅनेजर नही व्हतू. येनामा दारू मिसाडानं काम व्हतं मन्हं."

धुरपदाबाईने डोळे मोठे केले.

"चार वरीस मी दारूना भांडाले हायद-कुकू लावं? आन तू देखत ऱ्हायना?"

"हा, देखत ऱ्हायनू. चुकनू मी." प्रेमराज रडत होता. "पन माय, या पानीवर तुले मरता येणार नही. आते तुले परत काशीले जानं पडी."

आधी तिने त्याला शिव्या दिल्या. मग मला दिल्या. त्या शिव्या देण्यासाठी ती कोपरावर टेकून अर्धी उठली होती, हे तिच्या लक्षातही आले नाही. शेवटी दम लागून ती उशीवर पडली. मग म्हणाली, "मंग पाज काय पाजनं शे ते. काशी काय जवय शे?"

गंगाजल ज्योतीने तुळशीत घातले. प्रेमराजने मला कढत पाण्याने तीनदा धुतले. लिंबे पिळली, साखर आणि मीठ डॉक्टरांनी सांगितले तेवढेच मोजून घातले, बर्फाचे चार खडे टाकले आणि मला हलवले. मित्रांनो, चार वर्षांनी माझ्या पोटात बर्फ वाजला! माझ्या अंगावर पांढरा थर चढला. ते गार पाणी धुरपदाबाई चमच्या-चमच्याने प्यायली. संध्याकाळपर्यंत दोन पेले झाले. आठ दिवस ती प्रेमराजशी बोलली नाही, पण त्याच्या हातचे पीत राहिली.

आता मी फळीवर असतो, लिंबाच्या परडीशेजारी. उन्हाळ्यात रोज दुपारी मला काम असते आणि फूल कोणी वाहत नाही. मला एवढेच मागायचे आहे, की तुमच्या घरात एखादे भांडे किंवा एखादे माणूस चुकीच्या जागी गप्प बसलेले दिसले, तर त्याला नुसता मान देऊ नका, त्याचे काम विचारा. आणि आईपासून काही झाकून ठेवले असेल, तर झाकण तुमच्याच हाताने उघडा. दिवाळीनंतर धुरपदाबाई प्रेमराजला घेऊन काशीला निघणार आहे. तांब्याचा नवा गडू येऊन तयार आहे. तो भरून देव्हाऱ्यात बसला, की पुढे उघडायची घाई या घरात कोणालाच नाही.