मोरीतल्या मुंग्या

मनकर्णाबाईंनी फिनेलची अर्धी बाटली मोरीत ओतली. तांबड्या मुंग्यांची रांग क्षणभर विस्कटली आणि पुन्हा जाळीशी येऊन चिकटली. हल्ली त्यांना रात्रीतून चार-चार वेळा लघवीला उठावं लागे, आणि दिवा लावला की हेच दर्शन.

लघवीतल्या साखरेला मुंग्या लागतात, आणि ती साखर सुनेची, यात त्यांना तिळमात्र शंका नव्हती. आशाला लग्नाआधीपासून साखरेचा आजार. डॉक्टरांनी आधी सहा महिने साखर ताब्यात आणायला लावली, मगच मुलाचा विचार करा म्हणाले. आता तिला दिवस राहून चौथा महिना होता आणि ती रोज पोटाला सुई टोचून इन्सुलिन घेई. तिनं चिमटीत धरलेलं ते पोट, खिडकीत पडलेल्या साखर तपासायच्या रक्ताळल्या पट्ट्या, फ्रिजात दुधाच्या पातेल्याला खेटून ठेवलेल्या त्या शिश्या! मनकर्णाबाईंना घास गिळवत नसे.

"आत्याबाई, माझी साखर बरोबर हाय," आशा साखरेच्या नोंदींची वही पुढं करत म्हणाली होती. "मुंग्या माझ्यामुळं नाय येत."

"मग मी काय मोरीत गूळ ठिवलाय? असल्या रक्तावर माझं नातवंड कसं पोसायचं?"

वहीला त्यांनी हात लावला नाही. शिश्या मात्र पदरानं धरून फ्रिजाबाहेर काढल्या, भर मे महिन्यात. औषध उन्हानं बिघडलं तर बाळाच्या जिवावर बेतेल, असं सांगून त्यांचा मुलगा काकासाहेब थकला आणि त्याच दुपारी बायकोला घेऊन तिच्या माहेरी, पाचोडला गेला. तिथं फ्रिज नव्हता. शिश्या ओल्या मडक्यात ठेवल्यात, पण ऊन लई हाय, असं त्यानं फोनवर कळवलं. मनकर्णाबाईंनी फोन ठेवला आणि मोरी घासायला घेतली. पुंडलिकनगरच्या घरात आता त्या एकट्याच होत्या.

चौथ्या दिवशी सकाळी त्या मोरीत गेल्या. भिंतीपासून जाळीपर्यंत मुंग्यांची रांग लागली होती.

फिनेलकडे गेलेला हात थांबला. एक मुंगी टाचेवर चढली, मागोमाग दुसरी. त्यांनी पाय झटकला नाही. सुनेची किळस बोलून मोकळं होता येत होतं. ही स्वतःची आता कुणावर काढायची, ते कळेना.

बऱ्याच वेळानं त्यांनी मुलाला फोन लावला.

"तिला घिऊन ये."

"शिश्या कुठं ठेवायच्या, आई?"

"दुधापाशी," त्या म्हणाल्या. मग आवाज उतरवून, "आन् ते बोट टोचायचं मशीन आठवणीनं आण म्हणावं तिला."