लोखंडी दाराच्या अलीकडे

म्हातारीने छत्रीचं टोक पितळी पाटीवर टेकवलं आणि सुनेला फर्मावलं, "पुन्हा वाच."

सुनेने सहाही नावं पुन्हा वाचली.

"आणि ह्यांचं?"

जुन्या युद्धनौकेचं संग्रहालय उभारणारा अधिकारी नरमाईने म्हणाला, "आजी, ही पाटी परत न आलेल्यांची. आजोबा तर घरी आले होते ना?"

"म्हणजे मेलेल्याचं नाव पितळेत आणि जगलेल्याचं पाण्यात? जवानी ह्या डब्यात घातली माणसाने. नाव कोरल्याशिवाय मी इथून हलायची नाही. सांगून ठेवते."

"आई, हळू बोला," सून पुटपुटली.

"का? जहाज झोपलंय का?"

अधिकाऱ्याला हसू आवरेना. "कोरणारा आज आलाच आहे. वरिष्ठांना विचारून बघतो. तोवर खाली चला, आजोबांची जागा दाखवतो."

उभ्या शिडीला शिव्या घालत म्हातारी उतरली आणि मध्येच थबकली. ताज्या रंगाच्या आडून तेलाचा जुना वास येत होता. सुट्टीवर आलेल्या नवऱ्याच्या सदऱ्याला हाच वास असायचा. तिने तो घासघासून घालवला होता. इथे तो अजून नांदत होता.

खाली, नवऱ्याच्या जागेला लागूनच, एक जाड लोखंडी दार होतं, मधोमध चाक असलेलं.

"हे वेळेत लावलं म्हणून जहाज तरलं," अधिकारी म्हणाला. "पाणी आत घुसलं होतं. ते सहा जण पलीकडे राहिले."

"लावलं कुणी?"

"अलीकडे जो होता त्याने. हुकूमच होता तसा. त्याने कधी सांगितलं नाही, आणि बाकीच्यांनी विचारलं नाही."

म्हातारीने चाकावर हात ठेवला. नवऱ्याने नोकरी सोडून घरी आल्या आल्या दारांच्या कड्या उपसून काढल्या होत्या. थंडीत दातावर दात वाजायचे, गल्लीतल्या मांजरी बाळंतपणाला तिच्याच स्वयंपाकघरात यायच्या. "राजवाडा आहे ना आपला, दरवान तेवढा ठेवा," ती ऐकवायची. तो हसायचा. मग उठून, वाऱ्याने दार लोटलं गेलं नाही ना, ते बघून यायचा. तो गेल्यावर महिन्याच्या आत तिने सुतार बोलावून नव्या कड्या ठोकून घेतल्या होत्या.

वरून कुणीतरी हाक मारली. अधिकाऱ्याने मान वर करून ऐकलं.

"आजी, परवानगी मिळाली! नाव सांगा, कोरणारा थांबलाय."

म्हातारीने चाकावरचा हात काढला.

"त्याला म्हणावं, घरी जा."

"अहो, पण आत्ताच तर तुम्ही..."

"सहाच राहू देत."

परतताना ती शिडीला एकही शिवी न घालता चढली. सुनेला वाटलं, शिडी बाधली.

संध्याकाळी जेवणं उरकली. सुनेने सवयीने पुढच्या दाराची कडी लावली.

"काढ ती."

"आई, मांजर शिरेल."

"शिरू दे," म्हातारी म्हणाली. "ज्याला यायचंय त्याला येऊ दे."