डॉक्टरांच्या खुर्चीतला भगत

श्रीगोंद्याजवळच्या त्या गावात डॉक्टर काकासाहेबांच्या जुन्या दवाखान्यापुढे मुंगी शिरायला जागा नव्हती. साप चावलेल्यांना भगताच्या तावडीतून सोडवण्यात ज्यांची हयात गेली, त्या डॉक्टरांनाच मेल्यावर गावाने भगत करून टाकलं होतं. बिभीषण नावाचा एक ऐतखाऊ गळ्यात त्यांचा स्टेथोस्कोप अडकवून त्यांच्याच खुर्चीत घुमत होता. म्हणे, डॉक्टर अंगात येतात!

डॉक्टरांची नात पंकजा गावच्या शाळेत विज्ञान शिकवायची. ती गर्दीत घुसली आणि तिचं डोकंच सणकलं. खाली ऊसतोडीला आलेला भीमा आडवा पडला होता. फडात त्याला नाग चावला होता. त्याच्या पापण्या मिटत होत्या, जीभ जड झाली होती.

"बघा, इख कसं भाईर येतंय!" बिभीषणाने भीमाच्या पायावरच्या हळदीच्या ओल्या फडक्यावर अंगठा फिरवला. फडकं लालभडक झालं. लोकांनी हात जोडले.

"ताई, याला आत्ताच्या आत्ता श्रीगोंद्याच्या दवाखान्यात न्या," पंकजा भीमाच्या बायकोला, मनकर्णाला म्हणाली.

"बाई, इख उतरतंय न्हवं? तुमच्याच आज्याची किरपा हाय."

पंकजाच्या अंगाची लाही झाली. बिभीषण मघापासून तंबाखू मळत होता. तिने त्याच्या मांडीजवळची चुन्याची डबी उचलली, फडक्यावरची ओली हळद आपल्या मनगटाला फासली आणि वर चुना चोळला. मनगट लाल झालं.

"मला कुठला साप चावला, ताई? हळदीला चुना लागला की ती लाल होते. विष यांच्या रक्तात आहे, फडक्यावर नाही!"

मनकर्णा ताडकन उठली. "टेम्पो आना रं कुनीतरी!"

"अर्ध्या वाटंत मरंल त्यो!" बिभीषण गरजला.

"मंग तुमीबी चला संगं. मेला तर तितंच जित्ता करा."

बिभीषण खुर्चीला चिकटूनच राहिला.

दवाखान्यात विषावरचं इंजेक्शन मिळालं आणि भीमा वाचला. तरी पारावर एक शहाणा म्हणालाच, "अर्धं इख बिभीषणबाबानं उतरवलं हुतं, म्हनून वाचला."

तिथून जाणारी पंकजा थांबली. "उशीर झाला असता तर त्या बाईचं कुंकू पुसलं गेलं असतं, आणि पाप माझ्या आजोबांच्या नावावर! त्यांना देव करून हार घालू नका. साप चावला की माणूस थेट दवाखान्यात न्या. आणि हात जोडण्याआधी एवढं तरी विचारा, की हे होतं कसं?"