संगीन टोमॅटोच्या वाफ्यात

मित्रांनो, मी जुनी रायफल. रशियात घडले, अमेरिकेत विकले गेले, आणि आज तुमच्याशी बोलतानाही माझा राग पुरता निवलेला नाही. राग आला की माणसं ओरडतात, कुत्री भुंकतात. मला तेवढंही जमत नाही. मला एकच आवाज आहे, आणि तोही दुसऱ्या कुणी चाप ओढल्याशिवाय फुटत नाही.

युद्धाच्या दिवसांत माझा जन्म झाला. कारखान्यात बायाच जास्त होत्या. डोक्याला रुमाल, हाताला लोखंडाचा वास. त्यांनी माझ्या नळीला बर्च नावाच्या झाडाचं लाकूड चढवलं, थेट टोकाजवळपर्यंत, थंडीत लेकराला हनुवटीपर्यंत गुंडाळावं तसं. माझ्यासोबतच माझी पाठची बहीण घडली. संगीन तिचं नाव. लांब, सडसडीत, चार धारांची. आमच्या फौजेची रीत अशी, की संगीन रायफलीच्या टोकावरून उतरवायचीच नाही. म्हणून माझा नेम बसवला तोही ती अंगावर असतानाच. तिचं वजन माझ्या उजव्या कुशीला असलं की माझी गोळी सरळ जायची.

युद्धात मी काय पाहिलं ते मुलांना सांगण्याजोगं नाही. युद्ध संपलं, आमच्या अंगाला जाड ग्रीस फासलं, आम्हाला पेटीत निजवलं आणि झाकण ठोकलं. अंधारात किती वर्षं गेली, कोण जाणे.

डोळे उघडले ते अमेरिकेतल्या मिनेसोटात, गॉर्डीच्या बंदुकांच्या दुकानात. समोर आर्लीन माकी उभी होती. शाळेची बस चालवायची. दर शनिवारी गावातली माणसं खडीच्या जुन्या खाणीत जमून डब्यांवर आणि रंगाच्या डब्यांच्या झाकणांवर नेम धरायची. आर्लीनही जायची, पण थोरल्या भावाची, ड्वेनची रायफल घेऊन. "ओरखडा पाडू नकोस हं," हे तो दर वेळी ऐकवायचा. तिला आता स्वतःची हवी होती.

"ही?" ड्वेन म्हणाला. "अगं, हे वल्हं आहे! होडी कुठाय तुझी?"

"लांब आहे तर आहे. तू कुठे आखूड आहेस? जेवायला बसलास की तुझे पाय माझ्या खुर्चीखाली येतात."

गॉर्डी खो खो हसला. "घेऊन जा, आर्लीन. पट्टा, तेलाची डबी आणि ही संगीन वरून. भाऊ मात्र बदल्यात घेणार नाही मी."

शाळांना सुट्टी होती. आर्लीननं मला काळ्या पिशवीत गुंडाळलं आणि उन्हात तापलेल्या बसमध्ये ठेवलं. दिवसभर माझ्या लाकडातून जुनं ग्रीस पाझरत राहिलं. ती येऊन पुसायची, पुन्हा गुंडाळायची, पुन्हा पुसायची. शेवटी मला हातावर तोलून म्हणाली, "बाई गं, काय देखणी आहेस तू!" इतक्या वर्षांत मला कुणी असं म्हटलं नव्हतं. मी मनाशी ठरवलं, हिचा एकही नेम चुकू द्यायचा नाही.

पण ड्वेननं संगीन उचलून नाक मुरडलं. "ही सळई लावून खाणीत आलीस तर लोक विचारतील, लढाई कुणाशी आहे?" आर्लीन लाजली. तिनं संगीन नेऊन परसात रोवली, टोमॅटोच्या वाफ्यात, आणि वेल तिला सुतळीनं बांधून टाकली.

तिथून माझी परवड सुरू झाली. पहिल्या शनिवारी गोळी डब्याच्या उजवीकडे गेली. दुसरीही तिकडेच. आर्लीन श्वास धरायची, खांदा दाबायची, कपाळावरचे केस मागे सारायची, आणि गोळी पुन्हा उजवीकडे.

"आर्लीन, शेजारच्या तालुक्यात एक गाय लंगडतेय म्हणे!" ड्वेन ओरडला. सगळे हसले. तीही हसली, पण उरलेली काडतुसं खिशात टाकून लगेच घरी निघाली.

घरी स्वयंपाकघराच्या खिडकीशी मला ठेवलेलं असायचं. तिथून वाफा दिसायचा. माझी बहीण तिथे, माझ्यापासून चार पावलांवर, टोमॅटो सांभाळत उभी. मी मनात घोकत राहायचे:

*भिंतीला टेकली मी ग, वाफ्यात तू ग रोवली*
*एका भट्टीच्या ग लेकी, कुणी ताटातूट केली*

आर्लीन त्याच खिडकीतून वाफ्याकडे बघत चहा प्यायची. बघायची, आणि तिला काही दिसायचं नाही! मित्रांनो, मला त्या वेळी कशी तडफड झाली असेल, सांगा.

उन्हाळा सरला तरी माझी गोळी उजवीकडेच. मग ड्वेन म्हणाला, "दे माझ्याकडे. पुढचं लाकूड कापून टाकतो, मग नळी वीतभर कमी करतो. हलकी होईल, हरणांच्या शिकारीच्या मोसमात कामी येईल."

"पण मग ती तीच राहील का?"

"तिचा नेम लागत नाही, आर्लीन! ती तीच राहून तरी काय करायचंय?"

आर्लीननं मला पुष्कळ वेळ हातात धरलं. मग तोंड फिरवून म्हणाली, "ने."

ड्वेननं मला शिकंज्यात आवळलं. करवत माझ्या बर्चमधून गेली तेव्हा पिवळा भुसा खाली सांडला. नळी रविवारी कापायची ठरली. "शनिवारी एकदा चालवून बघ," तो बहिणीला म्हणाला, "बघू काही फरक पडतो का."

शनिवार उजाडला. गोळी उजवीकडे. आर्लीनचा धीर सुटला. नुकतंच हिव पडून टोमॅटो काळे पडले होते आणि वाफ्यातल्या काठ्या उपटून तिनं गाडीत मागे टाकल्या होत्या. ती तरातरा गेली, त्यातून संगीन ओढून काढली आणि खटकन माझ्या टोकावर बसवली.

"काय गं हे?" ड्वेन म्हणाला.

"लढाईच आहे माझी. नेम नाही तर नाही, जवळ जाऊन टोचते तुझ्या डब्याला!"

सगळे हसत होते. तिनं रागारागात मला खांद्याला लावलं. बहिणीला अजून माती चिकटलेली, सुतळीचा तुकडा लोंबत होता. पण तिचं वजन उजव्या कुशीला आलं आणि माझं अंग सुखावलं.

झाकण टणकन उडालं.

आर्लीननं दुसऱ्या झाकणावर नेम धरला. तेही उडालं. तिसरंही. हसणं थांबलं.

ड्वेन पुढे आला, संगिनीकडे बघत राहिला. "म्हणजे... हिच्यासकट नेम बसवलाय हिचा?" मग टोपी काढून डोकं खाजवत म्हणाला, "उद्या नळीला हात लावत नाही."

आर्लीननं माझ्या उघड्या नळीवरून हात फिरवला. "आणि लाकूड? कापलेलं लाकूड कुठाय, ड्वेन? चिकटवता येईल ते."

तो टोपीच्या आत बघू लागला.

"ड्वेन."

"गुरुवारी सॉनाच्या चुलीत घातलं, वाफेच्या अंघोळीला. बर्च होतं ना. छान पेटलं."

"गुरुवारी तर मीही सॉनात होते," आर्लीन म्हणाली. "मीच म्हणाले, आज वाफ किती छान आहे."

ड्वेननं टोपी पुन्हा घातली, पुन्हा काढली.

मित्रांनो, माझी नळी वाचली. आता दर शनिवारी आम्ही दोघी बहिणी मिळून जातो, आणि आर्लीनची झाकणं उडतात. लोक शाबासकी देतात. पण नवं माणूस आलं की पहिल्यांदा विचारतं, "हिचं पुढचं लाकूड कुठे गेलं?" तेव्हा ड्वेन काडतुसं मोजू लागतो, आणि आर्लीन म्हणते, "मी 'ने' म्हटलं म्हणून गेलं."

तुमच्या घरातही एखादी जुनी वस्तू असेल. सायकल असेल, शिलाईचं यंत्र असेल. ती चालत नसली की तिला हट्टी म्हणू नका, टाकाऊ म्हणू नका. तिच्यासोबत आलेलं काय आपण काढून ठेवलं, ते आधी शोधा. आमच्यासारख्यांना तोंड नाही. आमच्या वतीनं विचारायचं ते तुम्हीच, आणि करवत हातात घेण्याआधी.