आलेला रंग

तंजावरचं राज्य खालसा होऊन तीस वर्षं होत आली होती. इंग्रजांनी किल्ला घेतला, जडजवाहीर नेलं. अंबाबाईंची व्रतवैकल्यं तेवढी न्यायची राहिली. नेली असती तर त्यांच्या लेकीचं तोंड वाचलं असतं.

वत्सला जन्मली तीच पिठासारखी पांढरी. केस पांढरे, पापण्यासुद्धा पांढऱ्या. कुंभकोणमच्या गल्लीतली पोरं तिला ‘वेळ्ळैकारी’, म्हणजे गोरी मड्डम, म्हणून चिडवत. अंबाबाईंनी कारण केव्हाच ठरवून टाकलं होतं: पोटुशी असताना श्रावणातल्या आदितवाराचं व्रत मोडलं, सूर्य कोपला आणि पोरीचा रंग घेऊन गेला. मग ज्यानं नेला त्यानंच परत द्यावा! दर आदितवारी वत्सलानं डोक्यावरचा पदर काढून, सूर्याकडे तोंड करून अंगणात पाटावर बसायचं, ऊन माथ्यावर येईपर्यंत. डोळ्यांना धार लागे, कातडी भाजून निघे. पण आईपुढे बोलायची सोय नव्हती.

विशी उलटली तशा कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर, कानांच्या पाळ्यांवर खरखरीत तांबूस खपल्या धरल्या. काढल्या की रक्त, चार दिवसांनी पुन्हा त्याच. अंबाबाईंना मात्र आनंद मावेना.

“रंग येतो आहे गो! सूर्यनारायण पावला!”

वत्सलाही आरशात पाहू लागली. वेडी आशा कुणाला चुकली आहे?

तिचा भाऊ सेतुराम शाळामास्तर. त्यानं आईला न सांगता तिला इस्पितळात नेलं. डॉक्टर स्वामीनाथांनी एकेका खपलीवरून बोट फिरवलं आणि तमिळमध्ये सांगितलं, “हा रंग नव्हे, उन्हानं केलेली इजा आहे. अजून कर्करोग नाही. पण ऊन सुटलं नाही तर यातूनच होईल.” दोन मोठ्या खपल्या त्यांनी औषधानं जाळल्या.

घरी येताच अंबाबाईंनी कपाळ बडवलं. “आलेला रंग जाळून आलीस?”

“मी नाहीं बसायची आतां उन्हांत,” वत्सला म्हणाली. जन्मात पहिल्यांदाच.

पुढच्या आदितवारी अंबाबाई स्वतःच पाटावर जाऊन बसल्या. दुपारी उठल्या, सावळं तोंड जसंच्या तसं.

“बघ! मजला काय झालें? ऊन वाईट असतें तर मजला लागलें नसतें?”

तरीही वत्सला पाटावर बसेना. अंबाबाईंनी अन्न सोडलं. तिसऱ्या दिवशी त्यांना उठवेना, तेव्हा वत्सलानं हात टेकले. “जेव अम्मा. बसतें मी.”

ती बसली, आणि बसतच राहिली. वर्षभरात कानाजवळची खपली चिघळली, ती भरलीच नाही. डॉक्टरांनी मानेतली गाठ चाचपली आणि सेतुरामाला बाहेर बोलावलं. आता कापण्यात अर्थ नव्हता.

अंबाबाई साऱ्या गल्लीला सांगत सुटल्या, “मध्यें खंड पडला हो! एक आदितवार चुकला, तेंच भोंवलें.” सांगताना ढसाढसा रडत. आत पडलेल्या वत्सलाला सगळं ऐकू येई. ते रडणं खोटं असतं तर तिला आईला तोंडभर शिव्या तरी देता आल्या असत्या.