सांतियापिळ्ळैंचे सहा डबे

सांतियापिळ्ळैंनी माझ्या मनगटावर पान्याचा फटका मारला आणि बॅटरीची तार हातातून सुटली.

"डोळे काय चर्चमध्ये ठेवून आलास, तुरै? पॉझिटिव्ह गाडीच्या अंगाला. उलटी लावलीस तर माझ्या डब्यातला ट्रान्झिस्टर तिथल्या तिथे जळेल."

मनगट टम्म सुजलं. मी मनातल्या मनात त्यांच्या सात पिढ्या काढल्या, पण गप्प बसलो. जाफन्यात टॅक्सी चालवायची आणि सांतियापिळ्ळैंशी भांडायचं, हे दोन्ही जमणारं नव्हतं.

लष्कराचा वेढा पडल्यापासून समुद्रापलीकडून नवी बॅटरी येत नव्हती. आमच्या म्हाताऱ्या ऑस्टिन गाड्या रॉकेलवर खोकत चालायच्या. त्यांचा वीज आवरणारा कटआऊट चिकटला की डायनॅमो बॅटरीला उकळून मारायचा, आणि बॅटरी मेली की गाडी मेली. जखमींना न्यायला तर आमच्या गाड्यांशिवाय काही उरलंच नव्हतं. म्हणून या माणसाने चार महिने डोकं फोडलं. चर्चच्या भोंग्याचं ॲम्प्लिफायर बॉम्बमध्ये फुटलं, त्यातले ट्रान्झिस्टर त्याने उचकटून आणले. तीन जळाले तेव्हा कामाचं बाक उलथून टाकलं आणि बायकोवर, ज्ञानम्मावर, ताट फेकलं. शेवटी कटआऊटच्या जागी बसणारे सहा डबे तयार झाले. डायनॅमो कितीही जोरात फिरो, बॅटरीला हवी तेवढीच वीज जायची. पहिला डबा माझ्या गाडीत बसला, बाकीचे पाच इतर टॅक्सींमध्ये.

दीड महिना गाडी सुरेख चालली. संध्याकाळी बॅटरी काढून घरी न्यायची, तिच्यावर रेडिओच्या बातम्या ऐकायच्या आणि सकाळी परत बसवायची, ही आम्हा सगळ्या ड्रायव्हरांची रीत. तारा उलट लागल्या तर जुना कटआऊट फार तर चार ठिणग्या टाकायचा. त्यामुळे बघून लावायची सवय कुणालाच नव्हती. मलाही नव्हती.

मग एका सकाळी तोफेचा गोळा सांतियापिळ्ळैंच्या गॅरेजवर पडला. माझी गाडी रात्री गॅरेजबाहेरच उभी असायची; मी घरून बॅटरी घेऊन पोचलो तेव्हा त्यांची मांडी हाडापर्यंत फाटली होती आणि ज्ञानम्मा तिच्यावर साडीचा पदर आवळत होती. दुसरा गोळा विहिरीजवळ फुटला. त्यांना मागच्या सीटवर टाकलं, ज्ञानम्मा शेजारी बसली, बॅटरी कशीबशी बसवली, इंजिन सुरू व्हायला कार्बुरेटरमध्ये पेट्रोलचे चार थेंब सोडले आणि निघालो. अर्ध्या मैलावर बॉनेटमधून धूर आला, तार वितळली आणि इंजिन बंद पडलं.

बॉनेट उघडताच माझी चूक मला दिसली. वर हेलिकॉप्टर घिरट्या घालत होतं, रस्त्यावर गोळ्यांनी धूळ उडत होती. मी आधी बॅटरी गुपचूप सुलटी केली.

"उलटी लावली होतीस का?" मागून त्यांनी विचारलं.

"नाही, अण्णै."

त्यांनी मान उंचावून धुराकडे पाहिलं.

"मग माझंच चुकलं," ते म्हणाले. "डायनॅमोची तार काप. बॅटरीवरून सरळ कॉइलला जोड, बॅटरीच्या विजेवर इस्पितळापर्यंत जाईल."

त्यांनी सांगितलं तसं केलं. वितळलेली तार सोडवून दुसरी जोडण्यात पंधरा मिनिटं गेली. गाडी सुरू झाली तेव्हा मागची सीट रक्ताने पार भिजली होती.

इस्पितळात डॉक्टरांनी पाहिलं आणि मान हलवली. दहा-पंधरा मिनिटं आधी आणलं असतं तर, असं काहीसं ते म्हणाले. सांतियापिळ्ळैंनी माझी कॉलर धरून मला खाली ओढलं. त्या हातात अजून जोर होता.

"बाकीचे पाच काढ आणि फोड. माझ्या डब्यापायी आणखी कुणी वाटेत मरायला नको."

तेव्हा तरी खरं सांगायला हवं होतं. ज्ञानम्मा समोर उभी होती, तिचे हात कोपरापर्यंत लाल. मी भ्यालो. दुपारी ते गेले.

दफन झाल्यावर मी हातोडा घेऊन पाच गाड्यांकडे गेलो. एकाने शिव्या दिल्या, एकाने ढकललं. तरी मी एकेक डबा उपसला आणि दगडावर ठेवून फोडला. शेवटची गाडी मरियनायगमची होती.

"दीड महिन्यात बॅटरी एकदाही उकळली नाही, थेंबभर पाणी घालावं लागलं नाही," तो म्हणाला. "चांगली वस्तू कशाला फोडतोस?"

"अण्णैंनी सांगितलंय," मी म्हणालो आणि हातोडा उचलला.