प्रार्थनेच्या यादीतलं नाव

पट्टीचं एक टोक गरम पाण्यानं सुटलं होतं, उरलेली पट्टी मात्र काचेला घट्ट धरून होती. तिच्यावर निळ्या शाईत ‘एल. गॅबर्ड’ — अक्षर फळ्यावर लिहिणाऱ्या बाईचं, शेवटच्या बाकावरूनही वाचता यावं असं. ऑर्लीन स्टँपरनं ते चौकोनी भांडं सिंकमध्ये उपडं धरून सुटलेलं टोक अंगठ्यानं दाबलं. बसलं नाही. फेब्रुवारीत होबार्ट गेला तेव्हा या घरात बारा भांडी आली होती. कुणाकडे मयत झाली की इथं आधी भांडी येतात, मग माणसं. प्रत्येकाच्या बुडाला अशीच नावाची पट्टी, म्हणजे रडण्याच्या गडबडीत मेसरांचं भांडं गॅबर्डांकडे जायला नको. महिन्याच्या आत ते घासून परत करायचं, आणि रिकामं द्यायचं नाही. अकरा गेली. हे बारावं… यात त्या दिवशी कोंबडीच्या रश्शात सोडलेले पिठाचे गोळे होते आणि मिरी अंमळ जास्त होती. नवरा पुढच्या खोलीत पेटीत झोपलेला, आणि आपण मिरी जास्त म्हणून मनात टिपून ठेवतोय — माणूस कशाचं घडवलंय कोण जाणे.

कशाचं घडवलंय. हाच तर प्रश्न आज संध्याकाळी सहा वाजता शाळा मंडळापुढे होता, आणि तिच्यासकट पाच जणांनी मत देऊन तो सोडवायचा होता.

सहाच्या आधी नेलं तर हे नुसतं भांडं. सहानंतर नेलं तर? ठरावाच्या बाजूनं मत देऊन नेलं तर ती माफी, विरोधात देऊन नेलं तर ते बक्षिशी मागायला आल्यासारखं. तीन महिने आपण हे का ठेवून घेतलं याचं उत्तर तिला ठाऊक होतं. ठाऊक असलेल्या गोष्टीकडे पाठ करून उभं राहायला सिंकसारखी जागा नाही.

फोन वाजला. इतक्या सकाळी नेव्हा जीनच, तिची चुलतबहीण.

“अगं, जागी आहेस ना?”

“चाळीस वर्षं पाचला उठतेय. आज काय विशेष?”

“ब्रदर वेंडेलनी चर्चमधल्या सगळ्यांना सांगितलंय, ऑर्लीनसाठी खास प्रार्थना करा. सगळं तिच्या हातात आहे.”

“म्हणजे मी यादीत?”

“तिसऱ्या नंबरावर. माझ्या गुडघ्याच्या वर.”

“गुडघ्याच्या वर! मोठाच मान झाला गं बाई.”

“थट्टा पुरे. हो म्हणणार ना? चार ओळी तर वाचायच्यात, कुणाचं काय जातंय? का तू स्वतःला माकडाच्या कुळातली समजतेस?”

“आईकडच्यांची खात्री आहे. बाबांकडच्यांबद्दल मी शपथ घेणार नाही. आणि चुलतबहीण आहेस, तुलाही ते लागू आहे.”

नेव्हा जीन हसली; पण हसू संपायच्या आधीच म्हणाली, “हो म्हण, ऑर्लीन. होबार्टला काय वाटेल याचा विचार कर.” आणि फोन ठेवला.

चार ओळी. जीवशास्त्राच्या बाईंनी तो धडा उघडायच्या आधी उभं राहून वाचायच्या : की उत्क्रांती हा नुसता एक तर्क आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे, की ही सृष्टी कुणा बुद्धिमान कर्त्यानं योजून निर्माण केली असंही पुष्कळ लोक मानतात, की मुलांनी मन मोकळं ठेवावं. मन मोकळं ठेवायला कुणाची ना असणार? मंडळातले दोघं हो म्हणणार होते, दोघं नाही म्हणणार होते. पाचवी ऑर्लीन. त्या बाई म्हणजे लेनोरा गॅबर्ड. तिनं लेखी कळवलं होतं की मी त्या ओळी वाचणार नाही, आणि ठराव झाला तर या शाळेतलं हे माझं बाविसावं वर्ष शेवटचं.

आणि लेनोराचं नाव या सगळ्यात आलं कुठून? — माझ्या तोंडून.

तिनं पीठ मळायला घेतलं. रिकामं भांडं द्यायचं नाही. हात आपोआप चालत होते. सत्तावीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात दर गुरुवारी तिनं चारशे पाव भाजले होते, आणि खिडकीतून ताटं देता देता आणि उष्टी परत घेता घेता सबंध गाव वाचून काढलं होतं. कोण काय टाकतं यावरून माणूस कळतो. मंडळाचा अध्यक्ष डॉइल मेसर लहानपणी वाटाणे दुधाच्या खोक्यात लपवायचा. आता नकोसे विषय कार्यक्रमपत्रिकेच्या शेवटच्या पानावर लपवतो. नेव्हा जीन स्वतःची खीर देऊन टाकायची आणि मग वर्षभर तुला खीर दिली होती म्हणून ऐकवायची. माणूस बदलत नाही, ताट तेवढं बदलतं — असं ती होबार्टला म्हणायची, आणि तो वर न बघता म्हणायचा, “तुझ्यापुढं जेवायचीच चोरी.”

त्या दिवशी, पुरून आल्यावर, बाकीच्या बायका पुढच्या खोलीत होत्या आणि लेनोरा एकटी या सिंकपाशी बाह्या सारून भांडी विसळत होती. ऑर्लीन पुसायला उभी राहिली. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाली, होब आता स्वर्गातल्या बापाच्या घरी पोचला, भेटेलच मला. लेनोरा थांबली. पाणी चालू होतं. “मला आता तसं नक्की वाटत नाही, मिस ऑर्लीन,” ती म्हणाली. “आई गेली तेव्हापासून. पण तुम्हाला वाटतं ते बरंय… खरंच बरंय.” आणि ताटली पुढे केली. एवढंच. ओली ताटली द्यावी तसं तिनं ते हातात दिलं होतं — पुसून ठेवायला. मांडणीवर मांडायला नव्हे.

त्या रात्री झोप आली नाही. पण ऑर्लीनला होबार्टची नव्हे, लेनोराची काळजी लागली होती — हे खरं होतं, देवाशप्पथ खरं. बापडी नवरा नसलेली, आईविना, आणि वर तोही आधार नाही! सकाळी तिनं साखळीतल्या पुढच्या बाईला फोन केला. चर्चची प्रार्थनेची साखळी : ज्याच्यासाठी प्रार्थना हवी त्याचं नाव एकीनं दुसरीला सांगायचं, दुसरीनं तिसरीला, यादी प्रत्येकीच्या फ्रिजवर लावलेली. ती म्हणाली, “लेनोरा गॅबर्डच्या श्रद्धेसाठी.” तिसऱ्या घरी ते ‘लेनोराची श्रद्धा डळमळलीय’ झालं. पाचव्या घरी ‘लेनोरा देव मानत नाही’. आठव्या घरी पोचेतो ‘देव न मानणारी बाई आपल्या पोरांना माकडं शिकवते’. कुणी खोटं बोललं नाही. प्रत्येकीनं आपली थोडी थोडी काळजी त्यात घातली, इतकंच, आणि डोळे मिटून मनापासून प्रार्थना केली. मार्चमध्ये डॉइल मेसरच्या टायरच्या दुकानात चार बाप्ये जमले, आणि एप्रिलमध्ये ठराव आला. शेवटच्या पानावर.

म्हणून तिनं ठरवलं होतं : विरोधात मत द्यायचं. केलं ते फेडायचं. देवाला काय ते मी मागून समजावीन… आणि नाही समजलं तर? ज्या देवाकडे गुडघ्यांवर बसून विश्वास मागितला त्याच्याच विरोधात मत द्यायचं — तेही लेनोरासाठी, जिला मुळात तो विश्वास नकोय? कणीक हाताला चिकटत होती. सकाळभर ती एकदा इकडे झुकत होती, एकदा तिकडे, आणि पाव मात्र ठरल्या वेळी फुगले.

लेनोराच्या ओसरीवर खोकी रचलेली होती. पुस्तकांची असणार; तळ फुगले होते.

“या, मिस ऑर्लीन. मला वाटलंच, आज भांडं येईल.”

“उशीर झाला गं.”

“झाला.” तिनं फडकं उचलून पावांचा वास घेतला. “गुरुवारचे! आज तर मंगळवार आहे. म्हणजे बेत गंभीर दिसतोय.”

दोघी पायरीवर बसल्या. लेनोरानं एक पाव मोडून अर्धा तिला दिला. ऑर्लीननं वाटेत जुळवलेलं वाक्य तोंडात घोळवलं, आणि ते पावाबरोबर गिळलं जाणार असं दिसताच एकदम म्हणाली, “ते मी सांगितलं, लेनोरा. फोनवर. तुझ्यासाठी प्रार्थना करा म्हणून.”

“मला ठाऊक आहे.”

“ठाऊक आहे?”

“सिंकपाशी दोघीच होतो आपण. मी तर कुणाला सांगितलं नाही.” ती शांतपणे चावत होती. “आधी राग आला. मग वाटलं, यांनी मला टाकून दिली नाही, यादीत घातली. तुमच्याकडे तेच प्रेम आहे. जरा मोठ्यानं बोलणारं आहे, इतकंच.”

“आज मी ठरावाला नाही म्हणणारे. तुझ्यासाठी.”

लेनोरानं हातावरचा चुरा झटकला. “नका म्हणू.”

“काय?”

“माझ्यासाठी नका म्हणू. मत म्हणजे काही भांडं नव्हे, मिस ऑर्लीन, घासून परत करायला. तुम्हाला त्या ओळी खऱ्या वाटत असतील तर खुशाल हो म्हणा. मी ओहायोला बहिणीकडे जाईन, मरणार नाही. पण मला उपकारावर शिकवायला लावू नका.”

ऑर्लीननं हातातला अर्धा पाव मांडीवर ठेवला. माझं देणं कुणी घेत नाही असं कधी झालं नव्हतं. ती नुसतीच म्हणाली, “होबार्टला काय वाटलं असतं कोण जाणे.”

लेनोरा तिच्याकडे बघत राहिली. मग उठली, एका खोक्यातून मूठभर काहीतरी काढून आणलं आणि पायरीवर ओतलं : दगडात रुतलेले शिंपले, देठ कापल्यासारख्या गोल चकत्या, एक पंख्यासारखा उमटलेला ठसा.

“खाणीतले,” ती म्हणाली. “दर ऑगस्टला आणून द्यायचे ते. शाळा सुरू व्हायच्या आधी, वर्ग रिकामा असताना. मुलांच्या खुर्चीत बसायचे, गुडघे हनुवटीला लागायचे. अकरा वर्षं.”

“होब?”

“विचारायचे. हा समुद्र इथं होता तर गेला कुठं? किती वर्षं झाली? तुम्ही मोजता कसं? मी सांगायची. ऐकायचे, टोपी घालायचे, जायचे. पुढच्या ऑगस्टला पुन्हा.”

“आणि त्याला… ते पटलं होतं?”

“ते नाही सांगितलं कधी.”

“मग म्हणायचा तरी काय?”

लेनोरा हसू दाबत होती, आणि ते दाबणं हसण्याहून वाईट होतं. “एकदा म्हणाले, ऑर्लीनला सांगू नकोस. ती मला प्रार्थनेच्या यादीत घालील.”

ऑर्लीनही हसली. आधी हसली. होबचा अगदी तोच स्वर, वर न बघता — मग हसू तोंडावर तसंच राहिलं आणि आतून निघून गेलं. एकेचाळीस वर्षं. रोज खाणीवर जाताना त्याच्या डब्यात काय भरायचं आणि काय परत येतं हे मला माहीत होतं. तो जेवणाआधी मान खाली घालायचा, मीही घालायची. खाली घातलेल्या दोन मानांच्या आत एकच गोष्ट चालली असणार असं मी धरून चालले. त्याला प्रश्न पडला होता, आणि तो प्रश्न उरात घेऊन होब चार मैल गाडी हाकत दुसरीकडे गेला, मुलाच्या खुर्चीत बसला, कारण घरी… घरी मी होते. लगेच काळजी करणारी, लगेच फोन उचलणारी. आणि समजा त्यानं विचारलं असतंच, तर मी काय केलं असतं? — हे तिला नक्की ठाऊक होतं. म्हणून तर ते डाचत होतं.

सहाला शाळेच्या भोजनगृहात सभा भरली. एवढी माणसं दुसरीकडे मावली नसती. भिंतीपाशीही लोक उभे होते. दोन्ही बाजूंनी बोलणं झालं. ब्रदर वेंडेल चांगलं बोलले, लेनोरा थोडं बोलली. मंडळाच्या टेबलाशी बसून ऑर्लीन ऐकत होती, आणि सवयीनं तोंडं वाचू पाहत होती : हा दूध न पिणारा, ही दोनदा पाव मागणारी, तो भांडून दुसऱ्याचं फळ घेणारा… पण आज अक्षर लागत नव्हतं. दुसऱ्या रांगेत नेव्हा जीन बाहीला रुमाल खोचून बसली होती, ओठ हलत होते. ती माझ्यासाठी प्रार्थना करतेय की गुडघ्यासाठी, की आणखी कशासाठी, जे तिनं कुठल्याच यादीत घातलेलं नाही? भिंतीपाशी खाणीतले चार-सहा जण टोप्या हातात धरून उभे होते. त्यांच्यातला कोण ऑगस्टमध्ये कुठं जातो? डॉइल मेसरलासुद्धा एखादा प्रश्न पडत असेल, आणि तो त्यानं कशात लपवला असेल? या सगळ्यांना मी जेवू घातलं. एकानंही मला काही विचारलेलं नाही.

“मेसर, हो,” डॉइल स्वतःचंच नाव वाचून म्हणाला. पुढची दोन मतं ‘नाही’. चौथं ‘हो’.

मत म्हणजे भांडं नव्हे. होबसाठी द्यावं तर होबला काय वाटत होतं हे माहीत नाही. देवासाठी द्यावं तर — देवानं त्याला अकरा वर्षं त्या खुर्चीत बसू दिलं, एकदाही उठवलं नाही. ज्याच्यासाठी म्हणून काही करावं असं एकेक माणूस बाजूला होत गेलं, आणि टेबलाशी ती एकटी उरली, सहासष्ट वर्षांची. कित्येक वर्षांत पहिल्यांदा तिच्या मनात कुणाविषयीच काही ठरलेलं नव्हतं — स्वतःविषयी तर नाहीच. तिला वाटलं होतं, असं झालं तर पायाखालची जमीन जाईल. तसं झालं नाही. अनोळखी घरात पहिल्यांदा पाऊल टाकावं, दिवे कुठले कुठं ते ठाऊक नसावं, आणि तरी मागं फिरावंसं वाटू नये, तसं काहीसं झालं.

“ऑर्लीन?” डॉइल म्हणाला. “हो की नाही?”

सगळे तिच्याकडे बघत होते. आपण आता काय म्हणू, हे ऐकायला इतरांइतकीच उत्सुक होऊन ऑर्लीननं तोंड उघडलं.